वाल्फ्रीड पाल्मग्रेन आणि स्टॉकहोमचे बालग्रंथालय: श्रेय नेमके कशाचे?

तालुक्याचा वाचक

सर्वांस नमस्कार.

एका तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी गेली काही वर्षे आहे. आमच्याकडे बालविभाग असल्याचे वार्षिक अहवालात दरवर्षी छापले जाते. प्रत्यक्षात हा विभाग म्हणजे देवघेवीच्या खिडकीमागचे एक काचेचे कपाट असून त्याला कुलूप असते, आणि ज्यांच्याकडे किल्ली असते ते साडेसहाला घरी जातात, म्हणजे शाळा आणि शिकवणी आटोपून मुले येऊ शकतात नेमके त्याच वेळी. मुलांसाठी स्वतंत्र खोली करावी आणि पुस्तके उघड्या मांडणीवर ठेवावीत असा ठराव यंदा मी मांडला. त्यावर आलेले आक्षेप आपल्यापैकी अनेकांना पाठ असतील: पुस्तके फाटतील, हरवतील, हिशेबतपासणीस उत्तर कोण देणार, आणि मुलांना त्यांच्या शाळेचे ग्रंथालय असतेच.

ठरावाच्या बाजूने काही आधार सापडतो का हे पाहण्यासाठी बालग्रंथालयांचा इतिहास चाळत असताना वाल्फ्रीड पाल्मग्रेन हे नाव समोर आले. सुरुवातीला मी ते एखाद्या गृहस्थांचे समजलो. पुढे कळले की या विदुषी असून त्यांची डॉक्टरेट फ्रेंच व्याकरणातील आहे, आणि स्टॉकहोममध्ये 1911 साली त्यांनी मुलांसाठी ग्रंथालय सुरू केले. जुन्या फ्रेंच कवीच्या क्रियापदांवर प्रबंध लिहिणारी व्यक्ती लहान मुलांच्या पुस्तकांकडे कशी वळली, एक खोली उघडण्यापलीकडे त्यांनी काय केले, आणि त्याच वर्षी विवाह करून त्या देश सोडून गेल्या हे खरे असेल तर मागे ते काम टिकले कसे, हे मला समजून घ्यायचे आहे. शताब्दीच्या निमित्ताने एखाद्या नावाला जरा जास्तच उजाळा दिला जातो, तसा हा प्रकार आहे का, याबद्दलही स्पष्ट मत वाचायला आवडेल.

उत्तरेकडची

वाल्फ्रीड हे स्वीडनमध्ये मुख्यतः पुरुषांचे नाव आहे, त्यामुळे आपला घोटाळा झाला यात नवल नाही. मी बरीच वर्षे स्टॉकहोममध्ये राहते आणि माझी मुले इथल्याच बालग्रंथालयांत वाढली, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलून लिहिते.

पाल्मग्रेनबाईंचा जन्म 1877 चा, स्टॉकहोममधला. त्यांचे वडील कार्ल एडवर्ड पाल्मग्रेन यांनी त्याच्या आदल्या वर्षी शहरात एक शाळा काढली होती. तिथे मुलगे आणि मुली एकाच वर्गात बसत आणि पुस्तकी विषयांबरोबर हस्तकामही शिकत. अशा सहशिक्षणाच्या शाळा त्या काळी स्वीडनमध्ये जवळजवळ नव्हत्याच. मूल हे केवळ ऐकून घेणारे नसून हाताने काही करू शकणारे माणूस आहे, या समजुतीच्या घरात ही मुलगी वाढली, आणि मला वाटते की पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ फ्रेंच व्याकरणापेक्षा या शाळेत शोधावे.

स्वीडनच्या विद्यापीठांची दारे स्त्रियांना 1870 च्या दशकात उघडली, आणि एलेन फ्रीस यांनी 1883 साली उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, ती त्या देशातील स्त्रीची पहिली डॉक्टरेट. पाल्मग्रेनबाई त्याच विद्यापीठातून 1905 मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंध होता सोळाव्या-सतराव्या शतकातील प्रोटेस्टंट कवी आग्रिपा दोबिन्ये यांच्या लेखनातील क्रियापदाच्या मूळ रूपाच्या वापराविषयी, आणि तो फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. पदवी मिळाली, पण त्या पदवीने स्त्रीला कुठे जाता येत होते? वरिष्ठ सरकारी पदे राज्यघटनेच्या शब्दांनुसार पुरुषांची होती, आणि ती स्त्रियांना सर्वसाधारणपणे खुली करणारा कायदा 1923 साली मंजूर झाला. अशा परिस्थितीत 1905 मध्येच त्यांना स्टॉकहोमच्या रॉयल लायब्ररीत, म्हणजे स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, कनिष्ठ दर्जाचे काम मिळाले, आणि त्या दर्जाच्या कामावर तिथे घेतलेली ती पहिली स्त्री होती.

हे ग्रंथालय कसे होते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचा धक्का समजत नाही. स्वीडनमध्ये छापल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची प्रत सरकारकडे पाठवण्याचा हुकूम 1661 चा आहे, आणि त्यामागचा मूळ हेतू वाचकांची सोय करण्यापेक्षा छापखान्यांवर नजर ठेवण्याचा होता. म्हणजे पुस्तक जपायचे, नोंदवायचे आणि पात्रता पाहून दाखवायचे, ही तिथली रीत. गावोगावी जी ग्रंथालये होती त्यांची तऱ्हा वेगळी होती: 1842 च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने पाद्र्यांवर गावात छोटी ग्रंथालये चालवण्यास उत्तेजन देण्याची जबाबदारी टाकली, त्यानुसार चर्चच्या आवारात किंवा शाळेच्या कोपऱ्यात पुस्तकांचे एखादे कपाट उभे राहिले, आणि त्यातील पुस्तके गरिबांना सन्मार्गाला लावण्यासाठी निवडलेली असत. विद्वानांसाठी एक कोठार आणि गरिबांसाठी एक कपाट, अशी ही विभागणी होती. मधल्या माणसाने कुठे जायचे आणि मुलाने कुठे जायचे, याचे उत्तर दोन्हीकडे नव्हते.

1907 साली त्या अमेरिकेतील ग्रंथालये पाहण्यासाठी गेल्या. तो काळ तिथल्या बालविभागांच्या बहराचा होता: पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात मुलांसाठीच्या ग्रंथपालांचे स्वतंत्र प्रशिक्षण सुरू झालेले होते, आणि न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने 1906 मध्ये ॲन कॅरल मूर यांच्याकडे सर्व शाखांमधील मुलांच्या कामाची सूत्रे दिली होती. कमी उंचीच्या मांडण्या, मुलांच्या मापाची टेबले-खुर्च्या, ठरावीक वेळी गोष्ट सांगण्याचा तास, आणि मूल स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक काढून पाहते, ही त्या खोल्यांची ओळख होती. न्यूयॉर्कमध्ये मुलाला सभासद करून घेताना एका मोठ्या वहीत त्याच्या हाताने नाव लिहवून घेत, आणि त्या नावाबरोबर पुस्तके जपण्याचे वचन दिले जाई. आपल्या कार्यकारिणीला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे: पुस्तके फाटतील ही भीती त्यांनाही होती, पण त्यांनी कपाटाला कुलूप घालण्याऐवजी मुलाची सही घेतली.

परत आल्यावर त्यांनी या दौऱ्याच्या टिपणांचे पुस्तक 1909 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक मराठीत ‘ग्रंथालये आणि लोकशिक्षण’ असे होईल. त्यानंतर सरकारने त्यांच्याकडेच काम सोपवले की, सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाढीसाठी राज्याने काय करावे याची मांडणी करावी. तो अहवाल 1911 मध्ये सादर झाला, त्याच्या आधारे संसदेने 1912 मध्ये अनुदानाची नवी व्यवस्था मंजूर केली, आणि 1913 पासून शिक्षण खात्यात ग्रंथालयांसाठी दोन सल्लागार नेमले गेले. स्टॉकहोमचे बाल व युवक ग्रंथालय याच धामधुमीत, 1911 च्या अखेरीस, खासगी देणग्यांच्या बळावर उघडले. आणि हे सगळे चालू असताना बाई नगरपरिषदेवरही निवडून आल्या होत्या: स्त्रियांना नगरपालिकांवर निवडून येण्याचा अधिकार 1909 मध्ये मिळाला, आणि 1910 च्या निवडणुकीत स्टॉकहोमच्या परिषदेवर ज्या पहिल्या दोन स्त्रिया गेल्या त्यांत एक पाल्मग्रेनबाई आणि दुसऱ्या समाजवादी लोकशाही पक्षाच्या गेरट्रुड मॉन्सन. संसदेसाठी मतदान करण्याचा हक्क स्त्रियांना त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी मिळाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवडणुकीचे वजन कळते.

आपल्या शेवटच्या प्रश्नावर माझे मत असे की श्रेय खोलीचे नाहीच. मुलांच्या खोल्या अमेरिकेत आधीपासून होत्या. बालग्रंथालय ही मोठ्यांच्या ग्रंथालयाला जोडलेली एखादी लाडाची सोय नसून सार्वजनिक ग्रंथालयाची सुरुवातच तिथून व्हायला हवी, हे त्यांनी ओळखले. आणि ते टिकवायचे असेल तर देणगीदाराच्या मर्जीवर न सोडता राज्याच्या खर्चात त्याला जागा मिळवून दिली पाहिजे, हेही. हे दोन धागे एकाच हातात असणे मला दुर्मीळ वाटते.

शंकेखोर

वरील माहिती व्यवस्थित आहे, परंतु त्यातून उभे राहणारे चित्र काहीसे गुळगुळीत झाले आहे, म्हणून थोडी वाळू टाकतो.

पहिली गोष्ट अशी की पाल्मग्रेन नगरपरिषदेवर उजव्या, परंपरावादी बाजूने निवडून आल्या होत्या, आणि हे केवळ निवडणुकीपुरते लेबल नव्हते. त्यांचे पुस्तक आले ते वर्ष 1909, म्हणजे स्वीडनच्या मोठ्या सार्वत्रिक संपाचे वर्ष. त्या ऑगस्टमध्ये सुमारे तीन लाख कामगार कामावरून बाहेर पडले, आठवडेच्या आठवडे संप चालला आणि अखेर कामगारांचा पराभव झाला. अशा वर्षी ‘ग्रंथालय सर्वांचे असावे, त्यात वर्ग आणि पक्ष यांचा भेद नसावा’ असे म्हणणे दिसायला उदार असले तरी ऐकणाऱ्या कामगाराला त्याचा दुसरा अर्थही ऐकू येणारच. त्याने स्वतःच्या वर्गणीतून स्वतःची ग्रंथालये उभी केली होती. मद्यपानविरोधी संघटनांनीही तेच केले होते: लुंड येथे 1902 साली ऑस्कर ऑल्सन यांनी सुरू केलेल्या अभ्यासमंडळाचा नमुना देशभर पसरत होता, आणि अशा मंडळांच्या पोटात पुस्तकांचा साठा असे. ‘सर्वांचे’ ग्रंथालय म्हणजे या संस्थांच्या हातून पुस्तकांची निवड काढून घेणे, अशी शंका घेण्यास जागा होती.

दुसरी गोष्ट, 1912 चा निर्णय पाल्मग्रेन यांच्या अहवालावरून सरळ उतरवून घेतलेला नव्हता. त्यात मोठ्या राष्ट्रीय संघटनांच्या अभ्यासमंडळांच्या ग्रंथालयांनाही अनुदानाची वाट मिळाली, आणि त्याच वर्षी कामगारांच्या शिक्षणाची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, तिच्या स्थापनेमागे या अनुदानास पात्र होण्याचाही विचार होता. म्हणजे प्रत्यक्षात जे घडले ते एका विदुषीच्या स्वप्नापेक्षा दोन प्रवाहांतील तडजोड अधिक होती.

तिसरी गोष्ट, 1913 नंतरचे खेड्यापाड्यांत फिरून, याद्या करून, नगरपालिकांची मनधरणी करून केलेले काम त्या दोन सल्लागारांचे, म्हणजे फ्रेडरिक येल्मक्विस्ट आणि क्नुट टीनेल यांचे आहे. दगड कोणी ठेवला यापेक्षा भिंत कोणी बांधली हे विचारले पाहिजे. बाई तेव्हा विवाहानंतर डेन्मार्कच्या राजधानीत, कोपेनहेगनमध्ये होत्या.

उत्तरेकडची

‘शंकेखोर’ यांचे तिन्ही मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत आणि दुसरा मुद्दा मी वर लिहायला हवा होता; तो राहिला ही माझी चूक. संपाच्या वर्षाचा संदर्भही योग्य आहे. त्या काळच्या सुशिक्षित, सुस्थित घरांतील लोकांना वर्गसंघर्षाची धास्ती होती आणि शिक्षणाने ती धार बोथट होईल ही आशाही होती. पाल्मग्रेनबाई त्याला अपवाद होत्या असे मी म्हणणार नाही.

तरीही एक फरक नजरेआड होतो. कामगार संघटनांची आणि मद्यपानविरोधी मंडळांची ग्रंथालये सभासदत्वावर उभी होती, आणि सभासद होण्यासाठी आधी प्रौढ असावे लागते, मग एखाद्या बाजूचे असावे लागते. आठ वर्षांचे मूल कोणत्याच बाजूचे नसते. त्याचा बाप गोदीत हमाली करतो की बँकेत बसतो, यावर त्याने कोणते पुस्तक काढावे हे ठरू नये असे वाटत असेल, तर त्याच्यासाठी उघडणारे दार कोणत्याही संघटनेचे असून चालणार नाही. प्रौढांच्या बाबतीत ‘सर्वांचे ग्रंथालय’ ही कल्पना वादाची होती, पण मुलांच्या बाबतीत तिला विरोध करायला कोणाजवळ फारसे कारण उरत नव्हते. बाईंनी बालग्रंथालयाला एवढे महत्त्व दिले त्यामागे मुलांची कणव होती तशी ही चतुराईही असावी, असा माझा तर्क आहे. परंपरावादी व्यक्तीने मांडलेली कल्पना पुढे समाजवादी लोकशाहीच्या काळात सर्वाधिक फोफावली, हा इतिहासाचा गमतीदार भाग आहे.

भिंत बांधणाऱ्यांचे श्रेय अर्थातच द्यायला हवे. येल्मक्विस्ट यांची एक गोष्ट तर या विषयाशी थेट जोडलेली आहे. स्टॉकहोमला मध्यवर्ती शहर ग्रंथालय बांधण्यासाठी वालेनबर्ग या बँकर घराण्याच्या प्रतिष्ठानाने 1918 मध्ये दहा लाख क्रोनर दिले, आणि आराखडा करण्यापूर्वी वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड 1920 मध्ये येल्मक्विस्ट यांच्यासह अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आले. म्हणजे पाल्मग्रेनबाईंनी 1907 मध्ये केलेली वारी तेरा वर्षांनी पुन्हा झाली. ते ग्रंथालय 1928 मध्ये उघडले, बाईंचे बालग्रंथालय शहराच्या या नव्या व्यवस्थेत सामावून घेतले गेले, आणि इमारतीत मुलांसाठी खास गोष्टींची खोली ठेवण्यात आली. तिच्या भिंतीवर निल्स दार्देल या चित्रकाराने मुलांना झोपवून स्वप्ने दाखवणारा ‘यॉन ब्लुंड’ रंगवला आहे. आपल्याकडच्या निंदियाराणीचा हा उत्तरेकडचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे की त्या गेल्यावर काम टिकले, कारण ते एका व्यक्तीच्या खर्चाने चालणारे राहिले नव्हते. बालग्रंथालयाला सुरुवातीला देणग्यांचा आधार होता, पण मागून अनुदानाची आणि नगरपालिकेची व्यवस्था येत होती, आणि त्या व्यवस्थेचा कच्चा मसुदा त्यांनीच लिहिला होता.

दाखलनोंद

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो असून स्वीडनविषयी अधिकाराने बोलू शकत नाही, परंतु ही चर्चा वाचताना एक जुळणी वारंवार डोळ्यांसमोर येत राहिली. ‘तालुक्याचा वाचक’ यांना त्यांच्या कार्यकारिणीपुढे स्टॉकहोमपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

ज्या वर्षांत पाल्मग्रेनबाई अमेरिकेहून परतून अहवाल लिहीत होत्या, बरोबर त्याच वर्षांत बडोद्यास तेच अमेरिकन बियाणे पेरले जात होते. सयाजीराव महाराज 1906 मध्ये अमेरिकेत गेले असता तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झाले. त्याच सुमारास त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, आणि सक्तीने वाचायला शिकवलेल्या मुलाच्या हाती पुढे काय द्यायचे हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला होता. महाराजांनी 1910 साली न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. तेवढ्या काळात त्यांनी महाराजांच्या राजवाड्यातील संग्रहाला जोड देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग 1911 मध्ये सुरू केला, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठवण्याची फिरती योजना आखली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि स्त्रियांसाठीही. बॉर्डन गेल्यावर हे काम ज्यांनी सांभाळले त्या जनार्दन सखाराम कुडाळकर यांचे नाव आज मराठी ग्रंथपालांनाही आठवत नाही. ‘शंकेखोर’ यांचा भिंत बांधणाऱ्यांविषयीचा मुद्दा इथेही लागू पडतो.

दोन्हीकडचा फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. बडोद्यात वरून आज्ञा झाली आणि खजिना मागे उभा राहिला. स्वीडनमध्ये एका बाईला पुस्तक लिहून, परिषदेवर निवडून येऊन, अहवाल देऊन ती गोष्ट संसदेच्या गळी उतरवावी लागली. आज्ञेने झालेले काम वेगाने होते. पण आज्ञा देणारा गेल्यावर त्याचे काय होते, हे आपण संस्थाने विलीन झाल्यानंतरच्या काळात पाहिलेच आहे.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा आहे, आणि योगायोगाने पाल्मग्रेनबाईंचे निधनही त्याच वर्षी झाले. आपल्या अधिनियमाने ग्रंथालय कर लावलेला नाही. लोकांनी स्थापन केलेल्या ग्रंथालयाला मान्यता द्यायची आणि अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत. यामुळे लोकांचा पुढाकार टिकला हे खरे, परंतु बालविभाग हा वर्गोन्नतीच्या तपासणीत दाखवण्याचा एक रकाना होऊन बसला, हेही तितकेच खरे. आपल्या अहवालातले काचेचे कपाट हे त्याचेच रूप आहे, त्यात आपल्या ग्रंथपालांचा किंवा किल्लीवाल्यांचा विशेष दोष नाही. पुस्तक हरवले तर दाखल नोंदवहीसमोर उभे राहून उत्तर त्यांना द्यावे लागते. पुस्तक वाचलेच गेले नाही तर त्यांना कोणी काही विचारत नाही.

म्हणून माझी सूचना व्यवहारातली आहे. ठरावात ‘स्वतंत्र खोली’ हा शब्द आधी घालू नका, कारण खोली म्हटले की बांधकाम, आणि बांधकाम म्हटले की पुढील वर्ष. त्याऐवजी तीन गोष्टी मंजूर करून घ्या: बालविभागाची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अशी बदलावी, चार फुटांहून उंच नसलेल्या दोन मांडण्या वाचनकक्षाच्या एका बाजूस ठेवून पुस्तके त्यांवर मोकळी लावावीत, आणि फाटून निकामी झालेल्या बालपुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, प्रस्ताव दरवर्षी न चुकता कार्यकारिणीपुढे ठेवावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पुस्तक वापराने झिजते हे कार्यकारिणीने एकदा कागदावर मान्य केले की किल्लीवाल्याची भीती आपोआप कमी होते. मी नोकरीत असताना बालविभागाचे कुलूप काढले त्या वर्षी जी पुस्तके हरवली ती एका पिशवीत मावतील एवढी होती, आणि जी फाटली ती बहुतेक सगळी तीच होती ज्यांच्यासाठी मुले रांग लावत.

‘शाळेचे ग्रंथालय असतेच’ या आक्षेपाला उत्तर एवढेच द्यावे की शाळेचे ग्रंथालय उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असते.

तालुक्याचा वाचक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ‘दाखलनोंद’ यांच्या तिन्ही सूचना मी जशाच्या तशा उतरवून घेतल्या आहेत, आणि सुट्टीचा मुद्दा तर माझ्याही लक्षात आला नव्हता. बडोद्याचे उदाहरण आमच्या अध्यक्षांना निश्चित रुचेल, कारण त्यांच्या आजोळची मंडळी बडोद्याची आहेत.

एक कुतूहल मात्र शिल्लक राहिले आहे. नगरपरिषद, संसदेतील सुधारणा आणि हाताने उभे केलेले ग्रंथालय हे सगळे ऐन भरात सोडून कोपेनहेगनला गेल्यावर पाल्मग्रेन यांनी पुढची पन्नासहून अधिक वर्षे केले काय? आपल्याकडे अशा चरित्रांत ‘विवाहानंतर त्या संसारात रमल्या’ असे एक वाक्य येते आणि प्रकरण संपते.

उत्तरेकडची

ते वाक्य इथे लागू होत नाही, पण पूर्ण चुकीचेही नाही. त्यांचे पती यॉन युलियस मुंक-पेटरसन हे डॅनिश अभियंते होते आणि कोपेनहेगनच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक होते. विवाहानंतर बाईंनी दोन्ही आडनावे लावली. ग्रंथालयांच्या क्षेत्रात त्यांना पुन्हा तसे स्थान मिळाले नाही. स्वीडनमधील काम स्वीडनमध्ये राहिले, आणि डेन्मार्कमध्ये त्या परदेशी होत्या. याची हळहळ वाटते, आणि ती लपवण्याचे कारण नाही.

परंतु त्या मूळच्या भाषाअभ्यासक होत्या, आणि तिकडे त्या परतल्या. कोपेनहेगन विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षे स्वीडिश भाषा शिकवली. डॅनिश आणि स्वीडिश या भाषा मराठी आणि कोकणीपेक्षाही जवळच्या, एकमेकींचे बोलणे अर्धेअधिक समजते, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच होतो, कारण तोच शब्द दोन्हीकडे असतो आणि अर्थ निराळा निघतो. उदाहरणार्थ, ‘रूलिग’ या शब्दाचा अर्थ डॅनिशमध्ये ‘शांत’ आणि स्वीडिशमध्ये ‘गमतीदार’ असा होतो. आपल्याकडे मराठीतील ‘शिक्षा’ हिंदीत गेल्यावर ‘शिक्षण’ होते, तसलाच हा प्रकार. बाईंनी एलेन हार्टमान यांच्यासह अशा फसव्या शब्दांचा डॅनिश-स्वीडिश कोश तयार केला आणि तो 1944 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘धोकादायक सारखेपणा’. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता आणि स्वीडन तटस्थ होते. त्याच्या आदल्याच वर्षी हजारो डॅनिश ज्यू मच्छीमारांच्या होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोहोचले होते. त्या काळात या दोन भाषांमधला कोश छापून येणे हे मला निव्वळ विद्वत्तेचे काम वाटत नाही, पण हा माझा भाबडेपणाही असू शकेल.

स्वीडनमध्ये त्यांचे नाव पूर्णपणे विसरले गेले नाही. बुरोस शहरात ग्रंथपालनाचे शिक्षण देणारी जी मोठी संस्था आहे, तिच्या विभागाने आपल्या ग्रंथमालेला ‘वाल्फ्रीड’ असे त्यांचे पहिले नाव दिले आहे. आणि आपण विचारले नसले तरी एक सांगून ठेवते: इथल्या ग्रंथालयांनी 1921 मध्ये पुस्तकांचे विषय आकड्यांनी दाखवणारी अमेरिकन ड्यूई पद्धत न घेता अक्षरांची स्वतःची वर्गीकरण पद्धत केली, तीत मुलांच्या कथांना ‘एच-सी-एफ’ ही खूण होती. अलीकडे अनेक ग्रंथालये ड्यूईकडे वळली आहेत, तरी आमच्या भागातील शाखेत मुलांच्या पुस्तकांच्या पाठीवर ती खूण अजून दिसते. माझ्या धाकट्या मुलाला मराठी मुळाक्षरे यायच्या आधी ती तीन अक्षरे येत होती, कारण त्यांच्या खालच्या रांगेपर्यंत त्याचा हात पोहोचत असे.